बंद गिरणी आणि खिशातला कॅमेरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्यांचे बालपण सोलापुरात १९७०-८०च्या दशकांत गेले, त्यांना भोंगा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पहाटे अजानीच्या आगेमागे पहिला भोंगा व्हायचा. आमच्या घरात घड्याळ होते, पण ते आत्याच्या लग्नात आलेले आणि कायम मागे पडणारे. त्यामुळे अम्मीचा तवा चुलीवर चढायचा तो भोंग्यावर, आणि अब्बा डबा घेऊन पहिल्या पाळीला निघायचे तेही भोंग्यावर. १९९०च्या दशकात एकेक गिरणी बंद पडत गेली आणि हे भोंगे थांबले. इमारती मात्र बरीच वर्षे उभ्या राहिल्या. छप्पर गेलेले, खिडक्यांची तावदाने फुटलेली, भिंतीतून पिंपळ उगवलेला. येताजाता आपण त्यांच्याकडे पाहत होतो आणि पाहतही नव्हतो.

आज मला बोलायचे आहे ते अशा सोडून दिलेल्या वास्तूंचे फोटो काढण्याविषयी, आणि तेही मोठ्या कॅमेऱ्याने नव्हे, तर शर्टाच्या खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने. मी काही छायाचित्रकार नाही. बी.ए. झालो, कारकुनी केली आणि कविता लिहिल्या. त्यामुळे जे सांगणार आहे ते चुका करत शिकलेले आहे. त्यातली एक चूक पुढे दुरुस्त करता आली नाही, तीही सांगणार आहे.

२००६ साली मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी मी एक कॉम्पॅक्ट कॅमेरा घेतला. त्यात दोन पेन्सिल सेल घालायचे, मागे छोटा पडदा, पुढे बाहेर येणारी भिंग. गॅदरिंग झाले, ईद झाली, पाहुण्यांचे फोटो झाले. मग एका रविवारी वाटले, अब्बांनी जिथे आयुष्याची सदतीस वर्षे काढली ती गिरणी एकदा आतून पाहावी. ओळखीतून परवानगी मिळाली. आत यंत्रे नव्हतीच, ती भंगारात गेली होती. फाटकावरचा म्हातारा रखवालदार म्हणाला, “काय काढायलाव मास्तर हितं? आत काय बी नाही.” मी म्हटले, “मामा, जे नाही तेच बघायला आलोय.” कवीला शोभेसे उत्तर दिले म्हणून मी स्वतःवर खूश झालो. पुढे कळले की खरे तो म्हाताराच बोलला होता. काय काढायचे आहे, हे मला ठाऊक नव्हते.

त्या दिवशी मी साठेक फोटो काढले. छपराच्या भोकातून दिसणारे आकाश, गंजलेला नटबोल्ट, पिंपळाची मुळे, एक फाटकी चप्पल. त्यातल्या निवडक तीसेकांच्या प्रती काढून आणल्या आणि अब्बांपुढे ठेवल्या. अब्बा तेव्हा सत्तरीचे होते. त्यांनी चष्मा लावला, एकेक फोटो उजेडात धरून पाहिला आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला, “ये कौनसे खाते का हय रे?”

मला एकाही फोटोचे उत्तर देता आले नाही. आकाश कुठल्या खात्याचे, हे मी कसे सांगणार? शेवटी त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. “अच्छे हय,” म्हणाले, “लेकिन गिरणी कां हय इसमें?”

सदतीस वर्षे तिथे उभा राहिलेला माणूस माझ्या फोटोंत स्वतःची जागा शोधत होता, आणि मी त्याला आकाश दाखवत होतो. या छंदातला पहिला धडा मला असा मिळाला.

आता थोडे या वास्तूंविषयी. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. भोवती कापूस होता, हातमागाची जुनी परंपरा होती. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे गावाने ‘जुनी मिल’ म्हटले. शतक संपता संपता आणि त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कानडी मुलखातून आलेले लिंगायत, दुष्काळाने गाव सोडलेले मराठे, दलित, मुसलमान असे सगळे एका छपराखाली आले. आज सोलापूरकर चार भाषा सहज मिसळून बोलतो, त्यामागे या छपरांचाही मोठा वाटा आहे.

गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे या गावाने स्वातंत्र्यानंतर लगेच एकदा अनुभवले होते. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. तेव्हा हजारो कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि नंतर संसदेने तसा कायदा केला. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. घटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. एकाच कंपनीसाठी केलेला कायदा समानतेच्या हक्कात बसतो का, हा प्रश्न होता. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने ती याचिका फेटाळली. पुढे १९५३ मध्ये दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात मात्र निकाल सरकारविरुद्ध गेला. त्यात मालमत्तेच्या हक्कावर आणि भरपाईवर बोट ठेवलेले होते. अशा निकालांमुळेच १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती झाली. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही निकाल आजही अभ्यासतात. ‘शोलापूर’ हे नाव त्यांना चादरीच्या आधी तिथे भेटते.

आणि १९३० तर आपण विसरूच शकत नाही. मे महिन्यात इंग्रजांनी इथे लष्करी कायदा पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि गिरणी कामगारांचे तरुण पुढारी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चार हुतात्म्यांचे पुतळे आपण चौकात पाहतो. पण ज्या फाटकांवर सभा झाल्या, ज्या चाळींत पत्रके वाटली गेली, त्या जागांचे फोटो किती घरांत असतील?

म्हणून मला वाटते, पडक्या वास्तूचा फोटो हा एक कागदपत्र आहे. तो सुंदर आला तर उत्तमच, पण आधी त्याने साक्ष दिली पाहिजे. हा विचार काही नवा नाही. आपल्या शेजारच्या विजापूरच्या आदिलशाही इमारतींचे फोटो एकोणिसाव्या शतकात, कॅमेरा नवा होता तेव्हाच घेतले गेले. मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह ते १८६६ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाले. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या नवरा-बायकोने १९५९ पासून पुढे अनेक दशके पाण्याचे मनोरे, लोखंडाच्या भट्ट्या, खाणींवरचे सांगाडे यांचेच फोटो काढले. त्यांची रीत साधी होती. आभाळ भरून आलेले असावे, म्हणजे सावल्या आड येत नाहीत. कॅमेरा सरळ समोर असावा आणि प्रत्येक वास्तू त्याच पद्धतीने टिपावी. मग असे नऊ-बारा फोटो शेजारी मांडायचे. आधी सगळे मनोरे सारखेच वाटतात, मग हळूहळू प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसू लागतो. १९९० साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना मोठे पारितोषिक मिळाले, तेही शिल्पकलेचे. त्याच देशात एसेन शहरातली झोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. बंद कारखाना हा वारसा असू शकतो, हे तिथे मान्य झाले. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरणगावाच्या जागी काय उभे राहिले, हे आपण जाणतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म १९७५ सालचा. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला नमुना बनवला. त्याचे वजन साडेतीन किलोहून जास्त होते, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत, आणि चित्र होते दहा हजार ठिपक्यांचे. पुढे तीस वर्षांत तेच यंत्र माझ्या खिशात आले, सत्तर-ऐंशी लाख ठिपक्यांचे.

पण ठिपक्यांच्या आकड्याला भुलू नये. कॅमेऱ्याच्या आत, फिल्मच्या जागी, प्रकाश टिपणारी एक चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असायची. खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. क्षेत्रफळात तीस पटींहून अधिक फरक पडतो. अंगणात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर एकाच सरीत पाणी कशात जास्त जमेल? तसेच हे आहे. उजेड भरपूर असेल तर वाटीही भरते. अंधाऱ्या गिरणीत ती भरत नाही. मग कॅमेरा स्वतःहून संवेदनशीलता वाढवतो, म्हणजे आयएसओचा आकडा ४००-८०० वर नेतो, आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

यावर उपाय कॅमेऱ्यातच आहे. आयएसओ हाताने ८० किंवा १०० वर ठेवावा. मग कॅमेरा झाकण जास्त वेळ उघडे ठेवील, कधी अर्धा सेकंद, कधी दोन. तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. तिपाई नेली तर उत्तम, पण तिपाई दिसली की रखवालदाराला वाटते, हा सिनेमावाला आहे. मी ज्वारीची पिशवी नेतो. जुन्या पँटच्या पायाची हातभर पिशवी शिवून तिच्यात दोनेक किलो ज्वारी भरलेली. पडक्या भिंतीवर, खिडकीच्या कट्ट्यावर ती ठेवली की कॅमेरा तिच्यात रुतून बसतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा हा उपयोग कुणी सांगितला नव्हता! मग दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्काही टळतो.

लहान सेन्सरचा एक फायदाही आहे. जवळचे आणि लांबचे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट येते. हाताशी असलेला खांब आणि दोनशे फुटांवरचे दार एकाच फोटोत नीट दिसते. मोठ्या कॅमेऱ्यात त्यासाठी खटपट करावी लागते. वास्तूची नोंद ठेवणाऱ्याला हे वरदानच आहे.

फ्लॅश मात्र बंद ठेवा. त्याचा प्रकाश दहा-बारा फुटांपलीकडे पोचत नाही, आणि धूळ मात्र उजळते. माझ्या पहिल्या फेरीतल्या काही फोटोंत पांढरे पांढरे गोळे आले होते, हवेत तरंगणारे. गल्लीतल्या एकाने ते पाहून सांगितले, गिरणीत मेलेल्या कामगारांचे रूह आहेत, तिथे पुन्हा जाऊ नका. दुसऱ्याने लिंबू-मिरची सुचवली. खरे कारण साधे आहे. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो. भिंगापुढे चार-सहा इंचांवर तरंगणारा धुळीचा कण त्या प्रकाशात झगझगतो. तो इतका जवळ असतो की नीट फोकस होत नाही, म्हणून ठिपक्याऐवजी गोल चकती दिसते. वर्षानुवर्षे कापसाचे तंतू पडलेल्या जागेत अशा चकत्या शेकड्यांनी मिळतील. जिवंतपणी कामगारांच्या छातीत गेली ती हीच धूळ, एवढे मात्र खरे.

उजेडाचा हिशोबही कॅमेऱ्यावर सोपवू नये. समोरचे सगळे जग मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून तो चालतो. चुन्याने रंगवलेली भिंत दाखवली तर तो तिला मळकट करतो. काजळी धरलेली बॉयलरची खोली दाखवली तर तिला करडी करून टाकतो. त्यासाठी अधिक-उणेचे एक बटण असते. पांढऱ्याला थोडे अधिक, काळ्याला थोडे उणे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. आत अंधार आणि छपराच्या भोकातून ऊन, अशी जागा असेल तर दोन-तीन फोटो वेगवेगळ्या उजेडाचे काढून ठेवावेत. आजचे मोबाइल फोन हेच गुपचूप करतात. एका टिचकीत अनेक फोटो घेऊन त्यांचे मिश्रण दाखवतात. ते दिसायला छान असते, पण त्यात कधीकधी भिंतीवरची काजळी, पोपडे, अस्पष्ट झालेली अक्षरे गुळगुळीत होऊन जातात. म्हणून जुना कॅमेरा घरात पडला असेल तर फेकू नका. आता बाजारात असे कॅमेरे फारसे येत नाहीत, पण अलीकडे कॉलेजची मुले ते हौसेने शोधू लागली आहेत.

वेळ कोणती निवडावी? बाहेरून भिंतीचा पोत हवा असेल तर सकाळचे किंवा उतरते तिरपे ऊन. आतल्या भागासाठी ढगाळ दिवस. इथे एक गंमत सांगतो. जुन्या गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असतात. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती, कौलांची किंवा पत्र्याची, आणि दुसरी उभी, काचेची. ही काच उत्तरेला तोंड करून असते. कारण आपल्याकडे सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडे झुकलेला असतो. उत्तरेच्या काचेतून थेट ऊन येत नाही, फक्त आभाळाचा मऊ, एकसारखा उजेड येतो. तुटलेला धागा दिसायला तोच उजेड लागतो. जुने स्टुडिओवाले आणि चित्रकारही म्हणूनच उत्तरेची खिडकी मागत. म्हणजे गिरणी बांधणाऱ्याने विणकरासाठी जी सोय केली, ती आज आपल्याला आयती मिळते. ही रीत मात्र इंग्लंडची. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्ट लागेपर्यंत मध्यान्ही तो उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत काचेतून उन्हाचे पट्टे आत उतरतात. अब्बा सांगायचे, मे महिन्यात दुपारी साच्यावर ऊन यायचे. मला ते कवितेसारखे वाटायचे. ते भूगोल सांगत होते.

चिमणीचा फोटो काढताना सगळेजण एकच चूक करतात. कॅमेरा वर करतात आणि चिमणी मागे कलंडल्यासारखी येते. भिंतीही वर निमुळत्या होतात. कॅमेरा जमिनीशी काटकोनात, सरळ धरायचा आणि चिमणी चौकटीत मावेपर्यंत मागे चालत जायचे. पुढे रिकामी जमीन जास्त आली तर नंतर कापता येते. चिमणीला घाई करू नये, आणि दिरंगाईही करू नये. जून २०२३ मध्ये विमानसेवेला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, तेव्हा ती काही क्षणांत खाली आली. तो कारखाना काही सोडून दिलेला नव्हता. पण क्षितिजावरची खूण किती लवकर पुसते, हे सगळ्या गावाने पाहिले.

सावधगिरीचे दोन शब्द. परवानगीशिवाय आत जाऊ नका. बंद वास्तूलाही मालक असतो, कधी बँक, कधी न्यायालयाने नेमलेला लिक्विडेटर. एकटे जाऊ नका आणि घरी सांगून जा. लाकडी जिना आणि वरचा मजला यांवर भरवसा ठेवू नका. गवतात उघडे हौद असतात, कोपऱ्यात जनावर असते. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला घातक असते, तुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. नाकाला चांगला मास्क लावा. आणि तिथली कुठलीही वस्तू उचलून आणू नका.

अजून एक सावधगिरी माणसांच्या बाबतीतली. चाळीजवळ फोटो काढत असताना एक बाई मला म्हणाल्या, “भाऊ, आमचं पडकं घर बी काढताव का? आम्ही ऱ्हातो हितं.” मी कॅमेरा खाली केला. आपल्याला जे अवशेष वाटते ते कुणाचे तरी घर असते. आधी बोलावे, चहा दिला तर घ्यावा, मग विचारून फोटो काढावा.

आता ती चूक. पहिल्या फेरीचे फोटो पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी अब्बांनी कॅलेंडरचे जुने पान मागितले. त्याच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने सबंध गिरणी काढली. फाटक, हजेरीची खिडकी, सूतखाते, साचेखाते, पाण्याचा नळ, डबे ठेवायचे कोनाडे, कोपऱ्यातला दत्ताचा फोटो आणि स्टोअरच्या मागची नमाजाची जागा. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या माणसाने काढलेला तो नकाशा इतका चोख होता की मी तो हातात घेऊन त्याच रविवारी पुन्हा गेलो आणि एकदाही चुकलो नाही. नळ सापडला. कोनाडे सापडले. दत्ताच्या फोटोच्या जागी फक्त खिळा आणि धुराचा काळा पट्टा होता. आणि साचेखात्यात, त्यांनी खूण केली होती तिथे, त्यांचा खांब सापडला. खांबावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला होता. त्याच्या पायथ्याशी फरशी झिजून दोन खळगे पडले होते, उभे राहणाऱ्याच्या पायांचे.

मी गडबडून गेलो. डोळे भरून आले म्हणा. संध्याकाळ होत आली होती, ज्वारीची पिशवी तेव्हा सुचली नव्हती, आयएसओ कुठे असतो ते ठाऊक नव्हते. उभ्या उभ्या एक फोटो काढला, मागच्या पडद्यावर ठीक दिसला आणि मी घरी आलो. तो पडदा अडीच इंचांचा. त्याच्यावर सगळेच फोटो ठीक दिसतात. मोठ्या आकारात पाहिले तेव्हा कळले की हात हलला होता. नंबर एक आणि पुढे काहीतरी. चार की नऊ, कळत नाही. पायाचे खळगे तर नुसती सावली होऊन गेले होते.

अब्बांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. “हात हल्या तेरा,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “चौदा नंबर. मेराच हय.”

पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ म्हणून मी थांबलो. कचेरीचे काम निघाले, पावसाळा आला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साचेखात्याचे छप्पर उतरवून नेले होते आणि लोखंडी खांब गॅसने बुडाशी कापलेले होते. रखवालदार मामा म्हणाले, “आता खरंच काय बी नाही मास्तर.”

अब्बा २०११ मध्ये गेले. गिरणीकडे त्यांची जी देणी राहिली होती, त्यातली थोडी मिळाली, बाकीची नाही. ते म्हणत, “फोटू से पगार नै मिलता.” खरे आहे. फोटोने काही परत मिळत नाही. पण माझ्या मुलीला आजोबा काय करत होते हे सांगताना आता मी तो कॅलेंडरचा नकाशा आणि तो हललेला फोटो शेजारी शेजारी ठेवतो. तिला दोन्ही मिळून कळते. नुसत्या फोटोवरून कळले नसते.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. आधी बाहेरून पूर्ण वास्तू, चारही बाजूंनी. मग प्रत्येक खोली, दारात उभे राहून आणि समोरच्या कोपऱ्यातून. मग बारीकसारीक, नंबर, पाट्या, भिंतीवर लिहिलेले हिशोब, झिजलेल्या पायऱ्या. बारीक वस्तूशेजारी माप कळावे म्हणून आगपेटी ठेवतो. प्रत्येक महत्त्वाचा फोटो पडद्यावर मोठा करून तिथेच तपासतो. वहीत लिहितो, कुठल्या जागेचा, कुठल्या दिशेचा. घरी आल्यावर दोन ठिकाणी प्रती ठेवतो आणि काही कागदावर काढून मागे शिसपेन्सिलीने मजकूर लिहितो. संगणक बंद पडतो, कार्ड खराब होते, कागद टिकतो. आणि जमेल तेव्हा तिथे काम केलेल्या माणसाला सोबत नेतो. तो बोटाने दाखवतो तिकडे कॅमेरा करायचा.

सगळ्याच वास्तू पडतात असे नाही. आपल्या अप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवनात महापालिकेचा कारभार चालतो, म्हणून ती वास्तू जिवंत राहिली. पण अशी भाग्यवान उदाहरणे थोडी. तुमच्या गावात बंद जिनिंग असेल, नॅरो गेजचे रिकामे स्टेशन असेल, ओस पडलेली शाळा असेल, टुरिंग टॉकीजची भिंत असेल. तिथे काम केलेले कुणीतरी अजून ओसरीवर बसलेले असेल. आधी त्यांच्याकडे जा, एक कागद आणि पेन्सिल द्या, आणि नकाशा काढून घ्या. मग कॅमेरा घ्या.

निघण्यापूर्वी एक करा. सेल बदलले की या छोट्या कॅमेऱ्यांचे घड्याळ कधीकधी पुन्हा पहिल्या तारखेवर जाते. माझ्या दुसऱ्या फेरीच्या सगळ्या फोटोंवर १ जानेवारी हीच तारीख आहे, आणि खरा दिवस कोणता ते आता मला सांगता येत नाही. तेव्हा आधी तारीख नीट लावा.